पहारेकरी होण्याआधीचे सात दिवस

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सिडको भागातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या थोरल्या भावाने चार वर्षांपूर्वी हिंदू घरातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. तेव्हापासून दादा चर्चमध्ये उपासनेला येत नाहीत. अंबडच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी आहे, अलीकडे पिणंही वाढलंय असं कानावर येतं. आई गेल्यापासून भावंडांत बोलणं जेमतेम. बुधवारच्या महिला सभेत एका वडीलधाऱ्या बाईंनी बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तू दादाला सावध केलं नाहीस तर त्याच्या जिवाचा जाब देव तुला विचारेल." ताई लिहितात की रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. मी खरंच जबाबदार आहे का? असेन तर धाकट्या बहिणीने करायचं काय? वहिनीशी कसं वागायचं, तिच्याकडचं सणाचं खायचं की नाही?

ताई, जय ख्रिस्त.

आधी सरळ उत्तर देतो. हो, तुम्ही जबाबदार आहात. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून मी 'नाही' म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. "मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?" हा प्रश्न बायबलमध्ये ज्याने विचारला त्याचे हात भावाच्या रक्ताने माखलेले होते, आणि तो प्रश्न त्याने विचारला तो टाळाटाळ करण्यासाठी. पुढे सगळं शास्त्र त्याला 'हो, आहेस' असंच उत्तर देत जातं. याकोबाच्या पत्राचा शेवटच मुळी वाट चुकलेल्याला मागे फिरवणाऱ्या माणसाबद्दल आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकमेकांना रोज बोध करा असं म्हटलंय. वर्षातून एकदा नाताळात नव्हे, रोज. आणि हे सगळं पाळकांना सांगितलेलं नाही, 'एकमेकांना' सांगितलेलं आहे.

पण ज्या वचनाने तुमची झोप उडवली ते वचन तुमच्यासमोर पुढून-मागून कापून ठेवलं गेलं. त्याचं मला वाईट वाटतं, कारण तीस वर्षांहून जास्त काळ या शहरात पाळकपण करताना हेच वचन असंच कापून वापरलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. एकदा मीही वापरलंय.

यहेज्केलाला पहारेकरी, म्हणजे लोकांना वेळीच सावध करणारा, नेमल्याची गोष्ट त्या पुस्तकात दोनदा येते, तिसऱ्या अध्यायात आणि तेहतिसाव्यात. तिसरा अध्याय काढून बघा. यहेज्केल याजक घराण्यातला, यहोयाखीन राजाबरोबर बाबेलला नेलेल्या बंदिवानांपैकी एक. इसवी सनापूर्वी ५९३ च्या सुमारास त्याला दर्शन झालं, संदेश मिळाला, गुंडाळी खायला मिळाली. बोलण्यासारखं सगळं त्याच्याजवळ होतं. मग तो खबार नदीकाठी तेलअबीबला आपल्या बंदिवान बांधवांकडे गेला आणि पंधराव्या वचनात लिहिलंय की ते जिथे राहत होते तिथे, त्यांच्यामध्ये, तो सात दिवस स्तब्ध बसून राहिला. सात दिवस! सोळावं वचन सुरू होतं ते 'सात दिवसांनंतर' असं म्हणत. पहारेकरीपणाची नेमणूक त्यानंतर आली. ज्यांना सावध करायचं त्यांच्या अंगणात, त्यांच्याच धुळीत सात दिवस गप्प बसलेल्या माणसाला देवाने म्हटलं, आता बोल.

आता तेहतिसावा. जाब विचारण्याची भाषा सहाव्या-आठव्या वचनात आहे. अकराव्या वचनात देव शपथ घेऊन सांगतो की दुष्टाच्या मरणात मला संतोष नाही, त्याने वळावं आणि जगावं यात आहे. भीती घालणारं वचन वाचलं आणि तीन ओळी खालचं हे वाचलं नाही, तर देवाचा आवाजच चुकीचा ऐकू येतो. आणि पुढे पान उलटलं की चौतिसावा अध्याय. तिथे देव मेंढपाळांना धारेवर धरतो: मोडलेल्याला तुम्ही पट्टी बांधली नाही, हाकलून दिलेल्याला परत आणलं नाही, हरवलेल्याला शोधलं नाही, तर बळजबरीने आणि कठोरपणे त्यांच्यावर हुकूमत गाजवली. म्हणजे दादाच्या बाबतीत कुणाला जाब द्यायचाच असेल तर चौतिसाव्या अध्यायाप्रमाणे तो आधी मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चच्या सगळ्या लोकांनी, द्यायचा आहे. चार वर्षांत त्यांच्या दाराशी कोण गेलं? तुमच्या पत्रात तसा एकही उल्लेख नाही.

मी काय चूक केली ते सांगतो, कारण ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. पाळक होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला असलेला एक गृहस्थ सहा-सात महिने उपासनेला आला नव्हता. मी बायबल घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बसा म्हणाले तर नीट टेकलोही नाही, खुर्चीच्या कडेवर बसून 'आपले एकत्र मिळणे सोडू नये' हे वचन काढलं आणि वाचून दाखवलं. मग पहारेकऱ्याचं वचन. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला होता. मी बोलत राहिलो, चहावर साय धरली. भिंतीवर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा फोटो होता, त्याला सुकलेला हार. तो मी पाहिला होता, पण त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. माझं संपल्यावर ते गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, पोराच्या मातीला सगळे आले. त्यानंतर आमच्या दारात मंडळीतलं कुणी आलं नाही. आज रजिस्टरमध्ये नाव दिसलं नाही म्हणून आलात का?"

मुलाची माती माझ्या आधीच्या पाळकांनी केली होती, मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घेणं एवढंच तर त्या दिवशी माझं काम होतं.

त्या घरात पुढे जे बरं घडलं ते माझ्यामुळे नाही. मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई दर गुरुवारी तिथे जायला लागल्या. पिशवीत मटार किंवा घेवडा असायचा. त्या आणि घरची बाई ओट्यावर बसून शेंगा सोलायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, प्रार्थना करता का? म्हणाल्या, "ती म्हणाली तर करते. नाही म्हणाली तर शेंगा सोलते." सव्वा वर्षाने ती बाई उपासनेला आली. ते गृहस्थ नाताळात फाटकापर्यंत येत, पत्नीला सोडत आणि बाहेर थांबत. आत ते कधी आले नाहीत. चौदा वर्षांनी त्यांची माती मी केली. आदल्या आठवड्यात त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी चहा गरम असताना प्यायलो.

तर जबाबदारी म्हणजे नेमकं काय? गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल दुसऱ्या वचनात म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. तीनच वचनांनी म्हणतो, प्रत्येकाने आपापला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', माणूस ज्याच्याखाली दबून जातो तसं जड ओझं. दुसरा 'फॉर्टियॉन', ज्याचं त्याने न्यायचं सामान. आईचं जाणं, पाळीची नोकरी, मंडळीतल्या नजरा, दारू हे दादाचं बारोस. त्याला तुम्ही खांदा द्यायचाय. पण देवाला 'हो' म्हणायचं की 'नाही', हे त्यांचं फॉर्टियॉन. ते तुम्ही उचलायला गेलात तर दोन गोष्टी होतील: तुम्ही मोडाल आणि दादा चिडतील, कारण कुणाच्या हातातून त्याची स्वतःची पिशवी ओढली की माणूस चिडतोच. तुम्हाला जो जाब द्यायचाय तो 'दादा परत आले का' याचा नाही. 'तू त्यांच्याजवळ होतीस का, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा खरं बोललीस का' याचा आहे. यहेज्केलालाही देवाने हेच सांगितलं. त्याने सावध केलं आणि समोरचा वळला नाही, तर यहेज्केल मोकळा. वाचून घ्या, त्याच अध्यायात आहे.

आता वहिनी. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

रजिस्टर लग्न म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं लग्न. त्यात दोघांपैकी कुणालाही आपला धर्म सोडावा लागत नाही. म्हणजे दादांनी लग्न केलं याचा अर्थ ख्रिस्त सोडला असा होत नाही. मंडळीत मात्र त्याच दिवशी तसा अर्थ लावला गेला असणार. दादांनी प्रभू सोडलाय की मंडळी, हे आधी कळायला हवं, आणि ते फक्त त्यांच्याकडूनच कळेल. पौल तर करिंथकरांना स्पष्ट लिहितो की विश्वास न ठेवणारी पत्नी नांदायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये, तिला पवित्रतेत धरलेलं आहे. आणि त्याच ठिकाणी विचारतो, तू आपल्या जोडीदाराला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? पौलाला जे ठाऊक नव्हतं ते आपल्या महिला सभेला ठाऊक असल्यासारखं आपण बोलतो.

आपल्या नाशिकच्या मातीतलंच उदाहरण देतो. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथून जवळच्या जलालपूरचा. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. टिळक स्वभावाने तापट आणि उतावीळ माणूस. पण बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. त्या पुन्हा जवळ राहायला आल्या तेव्हाही आपलं सोवळं आणि आपला वेगळा स्वयंपाक घेऊनच आल्या, आणि ते चालू दिलं गेलं. जातपात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या डोक्यात त्यांचा त्यांनाच आला आणि त्यानंतर त्यांनी पाऊल उचललं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य याच बाईंनी पुरं केलं. १९३६ साली नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्या पाच वर्षांत कुणी त्यांना 'तुझ्या नवऱ्याच्या जिवाचा जाब' किंवा नवऱ्याला 'तुझ्या बायकोच्या जिवाचा जाब' म्हणत हाणत राहिलं असतं, तर काय झालं असतं कोण जाणे.

वहिनी हे तुमचं 'काम' नाही. ती तुमची वहिनी आहे. ती विचारेल तेव्हा तुमच्या आशेबद्दल जरूर सांगा, लपवू नका. लपवणं हाही एक परकेपणा आहे. पण दादाला परत आणायचा रस्ता म्हणून तिच्याशी गोड वागू नका. माणसांना ते लगेच कळतं.

अजून एक सांगायचा मोह आवरत नाही. ज्या शरणपूरवरून आपण रोज रिक्षाने जातो, ती वस्ती १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. बाप्तिस्म्यामुळे घरादाराला मुकलेल्यांना राहायला जागा हवी होती, म्हणून नाव शरणपूर. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथेच वाढली आणि शिकली. त्यांच्यातला एक, जेकब वेनराइट, १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले तेव्हा त्यांचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत महिनोन्‌महिने पायी वाहून नेणाऱ्यांत होता. ज्यांना कुणी घरात घेत नव्हतं त्यांच्यासाठी उभी राहिलेली आपली मंडळी. तिच्यात एका जोडप्याला मागच्या बाकावर बसायला संकोच वाटतो, याचं ओझं एकट्या तुमच्यावर कुणी टाकू नये.

आता दादाशी कसं बोलायचं. तुम्ही धाकट्या. आपल्याकडे धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला उपदेश करणं त्याला झोंबतं, तुम्ही कितीही बरोबर असलात तरी. म्हणून पहिल्या दोन-तीन भेटींत उपदेशाचा शब्दही काढू नका. जा, जेवा, आईची आठवण काढा. मला वाटतं तुमच्या दोघांत जे गप्प पडलंय ते आईपाशी अडकलंय. दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाला काही विचारू नका, त्याची सुट्टी कधी ते वहिनीला विचारून जा. एलिया संदेष्टा झुडपाखाली 'आता मरण दे' म्हणत पडला होता तेव्हा देवाच्या दूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. प्रश्न नंतर विचारला.

मग एक दिवस, एकटे असताना, एकदाच आणि स्वच्छ बोला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम दिलाय: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला. आपण तो नेमका उलटा करतो. आधी मंडळीला कळतं, मग दोघा-चौघांना, आणि ज्याचं आहे त्याला सगळ्यात शेवटी. शब्द साधे ठेवा. मी असतो तर असं म्हटलं असतं: "दादा, तू येत नाहीस याचं मला दुःख आहे, पण त्याहून जास्त काळजी तुझ्या पिण्याची वाटते. तुला काय झालंय ते मला ऐकायचंय. मी कुणाला सांगणार नाही." आणि मग गप्प बसा. ते चिडले तरी उठून जाऊ नका, वाद घालू नका. एकदा बोललेलं पुरतं. दर भेटीत तेच वचन पुन्हा काढलं की ती कटकट होते.

दारूच्या बाबतीत मात्र वाट पाहायचं कारण नाही. ते घरात हात उचलत असतील, किंवा 'जगून काय करू' असं बोलले असतील, तर सात दिवसांचा नियम तिथे लागू नाही. आधी वहिनी सुरक्षित आहे ना ते बघा, डॉक्टरांकडे न्या, टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा असतात, घरच्यांसाठी अल-अॅनॉन. प्रार्थना करा आणि हेही करा. डॉक्टरकडे नेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांगा.

खाण्याचं विचारलंत. दिवाळीचा फराळ म्हणजे वहिनीच्या हातचं खाणं आहे, ते पोटभर खा आणि चकलीची कृती विचारून घ्या. नैवेद्याचं ताट ही वेगळी गोष्ट आहे. पौल म्हणतो, वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याकरता खाऊ नका. मी स्वतः प्रसाद घेत नाही, पण तोंड वाकडं करून नाकारतही नाही. "वहिनी, हे माझ्या मनाला बसत नाही, पण तुम्ही प्रेमाने दिलंत हे मला कळतं. मला एक पोळी वाढा." असं बोललं की कुणी दुखावलेलं मी तरी पाहिलं नाही. सण चालू असताना त्यांच्या घरी जायचं टाळू नका.

आणि हे एकट्याने करू नका. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला खाटेवरून चौघांनी आणलं. एकाला ती खाट उचलणं शक्यच नव्हतं. तुमचे बाकीचे तिघे कोण? १७४२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी एका इमारतीचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट केले आणि एकेकाने घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरवलं. पेनी मागायला गेलेल्यांच्या लक्षात आलं की कुणाच्या घरात भांडण आहे, कुणी पितोय, कुणी खचलाय. त्यातून एकमेकांच्या जिवाची विचारपूस करणाऱ्या त्यांच्या वर्गसभा उभ्या राहिल्या. तुम्हाला बारा नकोत. दोन पुरेत: तोंडाला कुलूप असलेली एखादी मावशी आणि दादाच्या वयाचा, त्यांच्याबरोबर क्रिकेट खेळलेला कुणी. पाळकांना सांगायचं असेल तर दादाला विचारून सांगा.

दादाचं नाव सभेत प्रार्थनेच्या विनंतीत देऊ नका. 'प्रार्थनेसाठी सांगते' म्हणत सुरू झालेली किती चुगली मी या कानांनी ऐकली असेल. प्रार्थना घरी करा, नाव घेऊन करा, रडू आलं तर रडा. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका एका बिशपकडे गेली होती, माझ्या मुलाला समजावा म्हणत. बिशप म्हणाले, आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू द्या, फक्त प्रभूकडे त्याच्यासाठी प्रार्थना करत राहा. ती पाठच सोडेना तेव्हा म्हणाले, जा, इतक्या आसवांचा मुलगा नष्ट होणं शक्य नाही. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला, त्याच वर्षी मोनिका वारली. मधल्या सगळ्या वर्षांत तिच्या हाती काहीच लागलं नव्हतं. रात्री जाग आली तर दादाचं नाव घ्या, आमेन म्हणा आणि झोपा. तुम्ही जागं राहिल्याने दादा राखले जात नाहीत. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, असं स्तोत्रात लिहिलंय ते यासाठीच.

या शनिवारी जमलं तर जा. वहिनीला आधी फोन करा, न सांगता जाऊ नका. आईच्या हातचं काय आवडायचं दादाला, ते करून न्या. आणि पुढच्या बुधवारी कुणी सगळ्यांसमोर विचारलं, "दादाला सावध केलंस का?" तर एवढंच सांगा, "त्यांच्याकडे जेवायला गेले होते."